डोंगराच्या बाजूला

प्रिय तेप्पेई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवारी तुझी आई मला भेटायला कोबेला आली.
२. टॅक्सीत ती एक वाक्य बोलली.
३. त्यानंतर मी ठरवलेला कार्यक्रम रद्द केला आणि तिला पुलावर नेलं.
४. तिथे तिने जे सांगितलं, ते तुला ठाऊक नाही.

होणाऱ्या सुनेचं शहर बघायला टोकियोची बाई येणार, म्हणून मी तयारी केली होती. परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले, मशिदीजवळची कॉफी, चिनी गल्लीतले वाफाळते पाव. स्टेशनवर उतरताच तिने माझ्या पायांकडे पाहिलं. “इंजिनीअरबाई, सासूला भेटायलाही कामाचेच बूट?” मी म्हटलं, पुसलेत. “पुसलेत ते दिसतंय. टाच मात्र डावीकडे झिजलीय.” एवढ्या बारकाईने बूट कुणी पाहत नाही, असं मनात आलं.

टॅक्सी चढावर आली तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत सहज म्हणाली, “चौक ओलांडून डोंगराच्या बाजूला थांबवा, भाऊ.” म्हातारा ड्रायव्हर हसला. “थांबवतो, ताई. बऱ्याच वर्षांनी घरी आलात वाटतं? टोकियोची माणसं फोनमधला नकाशा नाकाशी धरतात.” ती घाईने पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागली. आम्ही इथे उत्तर-दक्षिण म्हणत नाही. डोंगराची बाजू आणि समुद्राची बाजू. माझ्या घरात मिठाची बरणीसुद्धा समुद्राच्या बाजूला असते. टोकियोत तुझ्या स्टेशनबाहेर मी चुकले, डोंगर कुठे म्हणून विचारलं, तेव्हा तू किती हसलास. तुझ्या आईने हे बोलणं तुझ्यासमोर तीस वर्षं आवरलं असणार.

“मी ज्याचं पोलाद तपासते तो पूल बघायचाय?” एवढंच म्हटलं. तिने मान डोलावली.

पुलाच्या मनोऱ्याच्या माथ्यावर वारा बोलू देत नव्हता. मी तिथे कितीदा गेलेय, पण त्या दिवशी मीही नव्याने पाहत राहिले. खाली सामुद्रधुनीचं पाणी नदीसारखं धावत होतं, मोठी जहाजं त्यात पानांसारखी वाटत होती, आणि दूर, डोंगर व समुद्र यांच्यात चिमटीत धरल्यासारखं आमचं शहर उन्हात लखलखत होतं. “एवढं बांधायचं धाडस झालं तरी कुणाला,” ती ओरडून म्हणाली, “तेही आमच्या इथे?” मी सांगितलं, १९९५चा भूकंप झाला तेव्हा मनोरे उभे होते, रस्ता व्हायचा होता. जमीन सरकली आणि मनोरे एकमेकांपासून जवळजवळ एक मीटर लांब गेले. “मग?” मग आराखडा बदलला. वाढलेलं अंतर धरूनच पुढचा पूल बांधला. तिने हातमोजा काढला आणि तळहात पोलादावर ठेवला. बराच वेळ. “ते अंतर अजून आहे?” आहे, मी म्हटलं. रोज त्यावरून गाड्या जातात.

मग तिने सांगितलं. ती इथलीच, कोबेच्या नागाता भागातली, बूट शिवणाऱ्याची मुलगी. भूकंपाच्या पहाटे घर कोसळलं आणि तिची धाकटी बहीण सायो त्याखाली गेली. टोकियोत कोबेचं नाव काढलं की लोक आवाज बारीक करायचे. ते तिला सोसेना, म्हणून तिने गावच बदलून सांगितलं. तुझ्या बाबांना माहीत होतं. तू झालास तेव्हा सांगू म्हणाली, मग शाळेत गेल्यावर, मग नोकरी लागल्यावर.

१७ जानेवारीला, भूकंपाच्या दिवशी, पहाटे इथल्या बागेत मृतांसाठी बांबूचे कंदील लावतात. ती तिथे कधीच उभी राहिलेली नाही. यंदा येते म्हणाली, पण तू शेजारी असशील तरच, आणि हे तुला विचारायचं तिला जमत नाही. “तू लिही,” म्हणाली, “तू जास्तीचं काही लिहिणार नाहीस.” म्हणून हे पत्र. सायोमावशीसाठी एक कंदील मी सांगून ठेवते. तू येशील की नाही, ते १० जानेवारीपर्यंत कळव.

तुझीच,
कानाए