आधी मधले, मग उजवे

नागाव, ता. १८ नोव्हेंबर १९३१

चि. नलूस मनुआत्याचे अ. उ. आ.

तू मुंबईस सुखरूप पोचल्याचे तुझ्या बाबांच्या, रामचंद्राच्या कार्डावरून कळले. दिवाळीत इथे माझ्याकडे होतीस तोवर गप्प राहिले, सणाला कडू नको म्हणून. आता लिहिते. तुझे पियानो वाजवणे ऐकून मला किळस आली. उजव्या पेडलवर पाय पडला की तुकडा संपेपर्यंत तो उचलत नाहीस. तारांवरच्या, सूर थांबवणाऱ्या लोकरी गाद्या उठल्या त्या उठलेल्याच, आणि सगळे सूर एका टोपात, आंबलेल्या कालवणासारखे. सुकट विकायला आलेली भागुबाई दारात थबकली आणि विचारू लागली, की बाय, पेटीत पानी शिरलंय काय? तिला कळते ते तुझ्या मुंबईच्या मास्तरांना कळू नये?

खालचा खर्ज टिकावा म्हणून तू हे करतेस. त्यासाठीच मधले पेडल आहे. खर्जाची पट्टी बोटाने दाबून धर, डाव्या पायाने मधले पेडल दाब, मग बोट सोड. तेवढाच सूर राहतो. वरच्या सुरांना उजवे पेडल लागेल तसे दे आणि सूर बदलले की पाय उचल. कॉलेजात आमच्या बाईंनी हे मला बोटांवर पट्टी मारून शिकवले. तुला मी न मारता शिकवले, तिथेच चुकले.

शब्द कडू आहेत, माया तशीच आहे.

तुझी मनुआत्या


गिरगाव, ता. २७ नोव्हेंबर १९३१

ती. मनुआत्यास नलूचा कृ. सा. न. वि. वि.

दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी क्लासच्या पियानोवर दोन्ही पेडले वापरून पाहिली. उलटेच झाले. उजवा पाय उचलला तरी काही थांबेना, सगळेच सूर घोंगावत राहिले. मास्तर हसून म्हणाले, की तुमच्या आत्याबाईंना तीन पाय असतील, आपल्याला एकच पुरतो.

मुलींच्या शाळेतल्या नोकरीची परीक्षा १२ डिसेंबरला आहे. संगीतशिक्षिकेची ही एकच जागा. ती गेली तर माघात बाबा मला तळा गावच्या स्थळी देणार. मुलगा येऊन पाहून गेला. त्याने आईला एवढेच विचारले, की हा नाद इथेच ठेवून येईल ना?

रागवा, पण लिहिणे थांबवू नका.

आपली नलू


नागाव, ता. १ डिसेंबर १९३१

चि. नलूस अ. उ. आ.

मास्तरांना सांग, पाय दोनच आहेत. ते कुठे ठेवायचे हे कळायला डोके लागते.

तुझी चूक इथून दिसते. उजवे पेडल तू आधीच दाबले होतेस. त्या वेळी सगळ्या गाद्या वर असतात, आणि वर असलेली प्रत्येक गादी मधले पेडल धरून ठेवते. आधी मधले, मग उजवे. वाजवायला बसलीस की खर्ज पकडला जाईपर्यंत उजवा पाय जमिनीवर टेकवून ठेव.

रामचंद्राला वेगळे लिहिते आहे. मुलीला एवढे शिकवून दावणीलाच बांधायचे होते, तर आधी म्हैस का नाही पाळलीस, असे.

काळजी मलाही आहे. ती लिहून तुझी वाढवत नाही.

मनुआत्या


गिरगाव, ता. १३ डिसेंबर १९३१

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

जागा मिळाली. पण आनंद करू नका. समोर तिघे परीक्षक पाहून माझा उजवा पाय आधी पेडलवर गेला, मग डावा. सगळे अडकले. पाय काढताच येईनात. अख्खा तुकडा त्या गदारोळात वाजला. संपल्यावर अध्यक्षांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. म्हणाले, डोळे मिटले आणि साक्षात समुद्र ऐकला. बाकी दोघांनी माना डोलावल्या.

घरी पेढे आले. मी एकही खाल्लेला नाही. काय करू?

नलू


नागाव, ता. १६ डिसेंबर १९३१

चि. नलूस अ. उ. आ.

समुद्र माझ्या दारात आहे. त्याची एकेक लाट वेगळी ऐकू येते. त्या गृहस्थांनी गटाराला समुद्र म्हटले.

रुजू होण्याआधी त्या तिघांना सांग, की चुकले, पुन्हा ऐका. जागा जाईल कदाचित. तळ्याचे स्थळ दारात उभे आहे, हे मी विसरलेले नाही. तरी सांगते. चुकीवर शाबासकी घेऊन बसलीस तर मुलींच्या चुका कोणत्या तोंडाने काढशील?

ठरवणे तुझे. माझी माया त्यावर अडून नाही.

मनुआत्या


गिरगाव, ता. ५ जानेवारी १९३२

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

सांगितले. पुन्हा वाजवले. उजवा पाय जमिनीवर, खर्ज धरला, आधी मधले, मग उजवे. एकेक सूर धुतल्यासारखा निघाला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, पहिल्यांदा बरे होते, आज रंग भरला नाही. मला काढावे असेच त्यांच्या मनात होते. पण काढायचे तर कागदावर कारण लिहावे लागणार, की आम्ही चुकीला टाळ्या वाजवल्या. म्हणून ठेवले. आत्या, मला त्यांची अशी किळस आली, की भीती राहिलीच नाही.

बाबांनी तळ्याला नकार कळवला. सोमवारपासून वीस मुली माझ्या हाती येतील. वर्षभर एकीलाही उजव्या पेडलला पाय लावू देणार नाही. रडल्या तरी.

लोभ करता तसाच कठोरपणे करत राहा.

आपली नलू