गेट, ग्लोब आणि हे

४ फेब्रुवारी

नाही म्हटलं होतं मी! आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्याच्या मालकांना स्पष्ट सांगितलं — ह्यांना व्हॉल्व्हमधलं ओ की ठो कळत नाही. सारं आयुष्य फोटो स्टुडिओत गेलं. लोक मोबाईलवर फोटो काढायला लागले आणि स्टुडिओचं शटर खाली आलं. मालक म्हणे, "बोलणं गोड आहे त्यांचं. विक्रीला बसवू. माल तुम्ही शिकवा." म्हणजे दिवसभर टेस्ट बेंचवर व्हॉल्व्ह तपासायचे आणि घरी येऊन नवऱ्याची शिकवणी घ्यायची. महिनाअखेरपर्यंत जमलं तर कायम, नाहीतर नारळ.

६ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर पहिला धडा. टेबलावर दोन व्हॉल्व्ह मांडले. हा गेट — चाक फिरवलं की आतली पोलादी फळी वर जाते, वाट मोकळी. खाली आली की बंद. अर्धवट ठेवायची नाही! वाहती वाफ फळीला हादरवते, तिची बैठक झिजवते. मग कितीही आवळा, नीट बंद होत नाही. हा ग्लोब — आत वाट वळणाची, वरून चकती बसते. प्रवाह कमी-जास्त करायचा असेल तर हा.

"कळलं?"

"कळलं. गेट म्हणजे तुझी आई. एकतर दार सताड उघडं, नाहीतर तोंडावर बंद."

माझी आई!

"आणि ग्लोब म्हणजे तुझा भाऊ. हात आखडता, पण सोडतो थोडं थोडं."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

७ फेब्रुवारी

बॉल व्हॉल्व्ह. दांडा पाइपाच्या रेषेत — उघडा. आडवा — बंद. एवढंच. एवढंच! तरी हे चुकले.

११ फेब्रुवारी

आता कारखानाभर चाललंय. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणजे ह्यांचा मामेभाऊ — त्याच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे माझी थोरली नणंद — दाब वाढला की फुस्स, ओसरला की गप्प. मालक पोट धरून हसले. मी ओरडून सांगतेय, नॉन-रिटर्नवर बाण कोरलेला असतो, तो बघून बसवायचा, उलटा बसवलात तर थेंब पुढे जाणार नाही — पण बाणात कुणाला रस? सगळ्यांना मामेभाऊ हवाय!

आणि माझ्याशी बोलताना "मॅडम". चारचौघांत. डोळे मिचकावून.

१४ फेब्रुवारी

दिवसभर उभी. पाय भरून आलेले. भांडी घासत होते तेवढ्यात हे दारात — "अगं, वाफेला गेट चालतो ना?"

"तेच तेच किती वेळा सांगू? शाळेतल्या पोराला एव्हाना पाठ झालं असतं!"

"बरं," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

१८ फेब्रुवारी

ह्यांना मोठी ऑर्डर मिळाली! साबणाचा कारखाना. मालकांनी पाठ थोपटली. आंघोळ करताना शीळ घालत होते — स्टुडिओ बंद झाल्यापासून ऐकली नव्हती. मला बरं वाटलं. इथे लिहिते, तोंडावर म्हणणार नाही.

२० फेब्रुवारी

तो माल आज बेंचवर आला. सगळे गेट. दोन्ही तोंडं बंद करून आत दाबाचं पाणी भरलं, पाहत बसले. एक थेंब नाही. सही करणार, तेवढ्यात सोबतचा नकाशा नजरेला पडला. साबणाच्या कढयांना जाणारी वाफेची लाइन. व्हॉल्व्हच्या खुणेशेजारी लिहिलेलं — वाफ कमी-जास्त करण्यासाठी.

ओळ पुन्हा वाचली. रोज अर्धवट उघडे राहणार, झिजणार. कढई साफ करायला माणूस आत उतरतो तेव्हा हाच व्हॉल्व्ह बंद करतात. आणि तो नीट बंद झालाच नाही तर?

माल रवाना करणारे घाईकाका डोक्यावर उभे. "गाडी दारात आहे, बाई. गळतंय का?"

"नाही."

"मग घोडं कुठे अडलंय?"

काय सांगणार? खरं सांगितलं तर घरातला माणूस घरी बसतो. म्हटलं, उद्या बघू, आज सही नाही. ते तणतणत गेले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. चेहरा उतरला.

"वाटलंच होतं मला," म्हणाले. "शंका होती."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं की. त्या दिवशी चिडलीस. मग परत विचारायला लाज वाटली."

मी ताटं वाढली. जेवलो.

२१ फेब्रुवारी

मी पोचायच्या आधी हे मालकांच्या खोलीत. माझं नाव काढलं नाही — "चूक माझी, माल अडवा." मालकांचा आवाज बेंचपर्यंत येत होता. नंतर हे स्वतः साबणाच्या कारखान्यात गेले. तिथल्या मॅनेजरनं आधी झाडलं, मग चहा पाजला आणि ऑर्डर बदलून ग्लोबची केली. "कढईत माणूस असताना कळण्यापेक्षा आज कळलं ते बरं," म्हणाला.

घाईकाका माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू!

२८ फेब्रुवारी

आज निकाल. मालकांनी ह्यांना आत बोलावलं. बाहेर आले तर चेहऱ्यावर काही दिसेना. "उद्या सांगतो," म्हणे. उद्या! जीव टांगणीला लावायची ही काय रीत?

१ मार्च

मालक विक्रीत कायम करायला तयार होते. हे नको म्हणाले! कमी पगारावर टेस्ट बेंचवर मदतनीस म्हणून यायचं मागून घेतलं — माझ्या हाताखाली. मला न सांगता! सकाळी शेजारी येऊन उभे राहिले, बाह्या वर केल्या. "मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

दिवसभर विचारत होते. घसा बसलाय माझा.