एका पंगतीसाठी तीन पोस्टर

१२ मार्च
आलेलं सामान: रंगाच्या बाटल्या सहा, १२० रुपये. ब्रश दोन, ४०. सुतळी, १५. कागद फुकट. ग्रामपंचायतीला मालक उभे होते तेव्हाचे प्रचाराचे पोस्टर माळ्यावर पडून होते, मागची बाजू कोरी. मालक म्हणाले, केजहून नवे आणू. नको म्हटलं. पाठ कोण बघतंय.

मारुतीचा सप्ताह यंदा होणार की नाही, ते या पोस्टरांवर आहे. गेल्या वर्षी मालक, म्हणजे मोहनराव, आणि थोरले दीर सुंदरराव समोरासमोरच्या पॅनलमधून उभे राहिले. मालक अकरा मतांनी पडले. पुढे काल्याच्या पंगतीत बुंदीच्या झाऱ्यांनी मारामारी. ठाण्यातले साहेब म्हणतात, लहान, तरुण, म्हातारे, तिघांनाही पटतील असे शांततेचे पोस्टर लावा. पंचवीस तारखेपर्यंत तक्रार आली नाही तरच परवानगी. बचत गटाने काम माझ्यावर टाकलं. मॅट्रिक मी एकटीच.

शिवाय मी शांत बाई. थोरल्या जाऊ छबुबाईंशी वर्षभर बोललेच नाही, त्यामुळे भांडायचा प्रश्नच येत नाही.

१४ मार्च
संकल्प: पूजा झाली की रोज एक पोस्टर.
लहान मुलांचं झालं. दोन शेळ्या एका टोपलीत खाताना, खाली ‘मिळून खा’. आमची योगिता म्हणाली, आई, या ढुशा देताहेत. तिला चित्रातलं कळत नाही.

१५ मार्च
तरुणांचं: ‘स्टेटस टाकण्याआधी शंभर मोजा.’ म्हाताऱ्यांचं: ‘मोठ्यांनी आधी बोलावं.’ योगिताने विचारलं, हे काकूसाठी का? अजिबात नाही. सगळ्याच मोठ्यांसाठी. फक्त लावायची जागा तेवढी त्यांच्या दारासमोर बरी दिसते.

१६ मार्च
भिंत कुणीच देईना. आपल्या भिंतीवर शांतता लावली तर आपण नमलो असं दिसतं म्हणे. मग दोन्ही घरांच्या मधोमध, आमच्या खांबापासून गल्लीपलीकडच्या लिंबापर्यंत सुतळी बांधली आणि तिन्ही पोस्टर टांगले. खळीचा मैदा वाचला.

१७ मार्च, सकाळी ९
यश. सुंदररावांच्या दारात वीस माणसं उभी राहून बघताहेत. सहाजणांच्या हातात काठ्या. गुरांकडे निघाले असतील.

दुपारी १
आमच्या बाजूने शांतता दिसते. त्यांच्या बाजूने मालक दिसतात. तिन्ही पोस्टरवर हात जोडून, खाली ‘कपबशीलाच मत द्या’. दिरांचा उत्तरेश्वर म्हणाला, “पडले तरी दारात येऊन मत मागायलेत, काहून रे?” आमच्या पॅनलचा अंगद सुतळी धरून उभा राहिला. ओढाओढ झाली. अंगदच्या कपाळाला तीन टाके.
पोस्टरचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

१९ मार्च
देवळासमोर पोलिसांची जीप. भजन बंद. दुकानं दिवस मावळायच्या आत बंद. बायका आपापल्याच नळावर जातात, तेही दोघी-दोघी. साहेब सांगून गेले, एक लेखी तक्रार आली की सप्ताह विसरा. मी घाबरलेली नाही. दाराला आतून उखळ लावलंय ते वाऱ्यासाठी.

२४ मार्च
तक्रार गेली. मला वाटलं, त्या लोकांनी केली. सह्या बेचाळीस, दोन्ही पॅनलच्या. मजकूर: सदर बाईंना यापुढे शांततेचं काम देऊ नये. पहिली सही सुंदररावांची, दुसरी मालकांची.
मालक जेवताना सांगत होते, चहाच्या टपरीवर दोघे भाऊ वर्षाने एका बाकावर बसले. मजकूर थोरल्याने सांगितला, धाकट्याने लिहिला. साहेब हसले म्हणे, या गावाचं पहिल्यांदा एकमत झालं. परवानगी दिली.
म्हणजे पोस्टर लागू पडले. माझं नाव कुणी घेतलं नाही, ते असो.

१ एप्रिल
उद्या काला. पंगत एकच. घरच्या सुनांना थोरलीने उंबऱ्यापाशी येऊन कुंकू लावून बोलवायचं, ही आमची रीत. त्याशिवाय जाता येत नाही. छबुबाई दुपारी कुंकवाचा करंडा घेऊन गल्लीभर फिरल्या. आमच्या दारापाशी थांबल्या. मी आत होते, भिंतीकडे तोंड करून डाळ निवडत. त्या योगितापाशी बोलल्या, “मी हाक मारली असती गं. पण तुझी आई वळंनाच.” आणि गेल्या.

आधी बोलायचं नाही, हे माझं ठरलेलं. लिहायला हरकत नाही. पोस्टमन म्हणाला, भिंतीपलीकडचं कार्ड केजला जाऊन परत यायला चार दिवस. लागू देत. घाईनेच भांडणं होतात. मजकूर इथे उतरून ठेवते:

ती. सौ. जाऊबाई यांस, सा. न. वि. वि. उद्या पंगतीला मी यावं का, ते उलट टपाली कळवावे.