बिनाएसीची प्रयोगशाळा

५ एप्रिल
धान संशोधन प्रयोगशाळा नव्या इमारतीत आली. विटा भुशाच्या राखेच्या, भिंती दुहेरी, छतावर वारा ओढणारा मनोरा. एसी एकही नाही, माझाच आग्रह. मेअखेर तपासणी. हरित प्रमाणपत्र मिळालं की दाराशी पाटी, त्यावर संचालिका म्हणून माझं नाव. सर्वांना बजावलं, उकाड्याची तक्रार चालणार नाही.

१९ एप्रिल
शिपाई पुनाराम म्हणाला, "मॅडम, मनोऱ्यातून हवा येऊन राह्यली, पण भट्टीवानी." इमारतीला रुळायला वेळ लागतो, असं समजावलं.
माझ्या खोलीत टेबलफॅन. फॅन म्हणजे एसी नव्हे.

२ मे
कूलर आणला. पाणी आणि वाळा, दुसरं काय असतं त्यात? शुद्ध पारंपरिक.

११ मे
उष्णतेने बियाणं खराब होतं. कोणालाच काळजी नाही. शेवटी माझ्या खोलीत एसी बसवला, टेबलावर बियाण्याच्या तीन बरण्या ठेवल्या. फाइलवर स्वच्छ लिहिलं : हा एसी बियाण्यासाठी, माणसासाठी नाही.
संशोधक विद्यार्थिनी श्रुतिका म्हणाली, "मॅम, माह्ये बाकीचे सॅम्पल बाहेर उकडून राह्यले, त्याले बी आत ठेवू?" जागा नाही, म्हटलं. टेबल मोठं आहे.

१७ मे
कर्मचाऱ्यांत बियाण्याविषयी अचानक आस्था. पुनाराम एकच फाइल तीनदा घेऊन आला. कँटीनच्या गोदाबाई चहा ठेवून तिथेच बसल्या. "बियाणं कसं हाये ते पाह्यतो बाई," म्हणाल्या. हाकललं. शिस्त हवी.

२८ मे
तपासणी. समितीच्या रचना पटले मॅडम इमारतभर फिरल्या, रुमाल पिळत. माझ्या खोलीत मात्र बराच वेळ थांबल्या. एसीकडे पाहिलं. मी शांतपणे फाइल पुढे केली. "बियाण्यासाठी एसी चालते, माणसासाठी नाही चालत," म्हणाल्या. "मंग हे टेबल कोणाचं हाये?"
पहाऱ्याचं, म्हटलं. तात्पुरतं.

३ जून
प्रमाणपत्र मंजूर! समितीने फाइलवरच्या माझ्या नोंदीचं खास कौतुक केलं आणि एक अट घातली. खोली आजपासून बीजकोठी. आत माणूस बसणार नाही. श्रुतिकाचे सगळे नमुने तिथे गेले, किल्ली तिच्याकडे. माझं टेबल मनोऱ्याखाली.
जबाबदारी म्हणून दुपारपर्यंत चार वेळा बियाणं तपासून आले. पाचव्यांदा श्रुतिका दारातच उभी. "मॅम, घडीघडी दार उघडलं तं बियाणं खराब होते ना."
पोरगी बरोबर बोलते. उद्यापासून फक्त सकाळी जाईन. आणि दुपारी. चारला एकदा.