तुमच्या घराची सामाईक भिंत

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायचं खूपदा मनात आलं, पण लिहिलं नाही. भांडणाशिवाय सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. आज मात्र बसलेच. परवा मी तुमच्या घरात जाऊन आले. ताडकळसच्या या घरात नाही, इथं तर मी राहतेच. कॉम्प्युटरमधल्या त्या ठोकळ्यांच्या गावात तुम्ही जे दुसरं घर बांधलं होतंत ना, त्या घरात. तिथं जे पाहिलं ते तुम्हाला विचारल्याशिवाय मला भाकर गोड लागायची नाही.

मागच्या खोलीतला तो सर्वर! परभणीहून ऑफिस सुटून आलात की बूट काढायच्या आधी तुम्ही त्याचा पंखा चालू आहे का, ते ऐकायचात. मी म्हणायचे, "दुसरी बायको केली असती तर निदान तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. या डबड्याशी मी कसं भांडू?" तुम्ही म्हणायचात, "अगं, हा माझ्या एकट्याचा खेळ नाही. आपल्या घरातून एक गाव चालतंय, गाव!"

होतंच ते गाव. नांदेडचे, पूर्णेचे लोक, कुणी जिंतूरचा पण दुबईला गेलेला. सगळे आपापल्या घरून त्या एकाच गावात यायचे, ठोकळे रचून घरं बांधायचे, शेती करायचे आणि कानाला हेडफोन लावून गप्पा मारायचे. मी इकडं भाजी निवडत तुमचं हसणं ऐकायचे. पोट धरून हसायचात हो तुम्ही! माझ्याबरोबर असं कधी हसलात? खरं सांगा. लग्नाच्या पहिल्या वर्षी हसला असाल, नंतरचं मला आठवत नाही.

मग त्या दिवशी दुपारी शाळेत मला फोन आला. तुम्ही ऑफिसात डबा खाऊन खुर्चीवर बसलात ते उठलाच नाहीत. दिवस झाले, माणसं पांगली, आपली प्रज्ञा पुण्याला परत गेली. सर्वर मात्र चालूच होता. बंद करायला माझा हात धजेना. पुढं एकदा वीज कडाडली, लाईट कमीजास्त झाली आणि त्यातून जळका वास आला. पंखा थांबला. काय सांगू, सवत मेली म्हणून कुणी रडतं का? मी रडले.

तुमचा मोबाईल मी अजून चार्ज करते. एका संध्याकाळी तो वाजला. नाव आलं, 'शैलजा पिंगळी'. बाईचं नाव! उचलला.

"ताई, मी शैलजा, पिंगळीहून बोलायलेय. सर्वर बंद पडलाय का? कुणालाच आत जाता येईना."

"तुम्ही कोण?"

"मी मिलिंदसरांच्या शेजारी राहते."

"आमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे, बाई!"

"तिथं न्हाई ताई," ती अवघडून म्हणाली. "खेळात."

शेजारीण! इतकी वर्षं तुम्हाला एक शेजारीण होती आणि मला पत्ता नाही! तिनं सांगितलं, सगळ्यांनी मिळून ठरवलंय, सर्वरमधली डिस्क मी दिली तर गाव बाहेरच्या कुठल्यातरी भाड्याच्या सर्वरवर हलवता येईल. ताईंना त्रास नको म्हणून. प्रज्ञाचंही तेच म्हणणं होतं. "आई, देऊन टाक ना. ती खोली मोकळी होईल."

पण मी हटून बसले. तुमच्या आयुष्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्या लोकांनी नेल्या, आता उरलेली डिस्कसुद्धा न्यायची? मी शैलजाला म्हटलं, "गाव कुठं जाणार नाही. इथूनच चालेल."

"चालवणार कोण?"

"मी."

"तुम्हाला येतं का, ताई?"

"शिकेन. मराठी व्याकरण शिकवते मी पोरांना. याहून अवघड असतं का ते?"

असतं हो, असतं. परभणीहून जुना पण धड कॉम्प्युटर आणला, आणि त्याच्याकडं नुसती बघत बसले. शेवटी शैलजाच म्हणाली, "मी येऊ का रविवारी? सरांनी शिकवलंय मला थोडं."

शिकवलंय! सर्वर ज्याच्यावर चालतो ते लिनक्स तुम्ही तिला शिकवलंत! मला स्कूटी शिकवतो म्हणालात, आणि ती एकदा बाभळीत घातल्यावर "तुला नाही जमणार" म्हणून चावी काढून घेतलीत. तिच्यासाठी कुठून आला होता एवढा धीर?

त्या रविवारी मी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसले. कशाला? तुम्ही थोडेच बघणार होतात! दार उघडलं तर समोर माझ्याच वयाची बाई. पायात रबरी चप्पल, कानाशी पिकलेले केस, खांद्याला दवाखान्याची पिशवी. नर्स आहे म्हणे. मला मेलीला वाटलं, सुंदर असती तर बरं झालं असतं. मग तुम्हाला नीट दोष देता आला असता. ही तर साधी, बोलकी, आणि हसली की दुसऱ्यालाही हसू येईल अशी! हिच्याबरोबर कुणीही हसलं असतं. तेच तर मला सोसेना.

पेनड्राइव्ह लावून आम्ही नव्या मशीनवर लिनक्स टाकलं. मग तुमची जुनी डिस्क जोडली. देवाची कृपा, डिस्क वाचली होती. तुमचं अख्खं गाव एका फोल्डरमध्ये निजलेलं. पण चालवायला गेलो की त्या काळ्या पडद्यावर एकच उत्तर, परवानगी नाही. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या फोल्डरमध्ये, मला परवानगी नाही!

शैलजानं फायलींची यादी काढून दाखवली. मालक म्हणून जिथं नाव हवं, तिथं नुसता आकडा.

"हे काय?"

"सरांनी खेळासाठी वेगळं खातं केलं होतं, ताई. ते खातं या मशीनवर न्हाई. म्हणून मशीनला त्यांचं नाव कळेना, नुसता नंबर दिसायलाय."

रेशनकार्डावरून नाव कमी झालं, पासबुकावरून झालं, तेव्हा मी सही करून मोकळी झाले होते. इथं मात्र तुमचा आकडा होऊन बसला होता.

"दोन रस्ते हायत," ती हळूच म्हणाली. "याच नंबरचं खातं सरांच्या नावानं परत काढायचं. न्हाईतर मालकी तुमच्या नावावर करायची. माझं विचाराल तर सरांचंच नाव राहू द्यावं."

तिचं विचारलं होतं कुणी? मी म्हटलं, "माझ्या नावावर." वारसाची नोंद करतात तशी. तिनं अक्षरं सांगितली, मी एकेक बोटानं दाबली. एंटर दाबलं आणि यादीत वरपासून खालपर्यंत सुजाता, सुजाता, सुजाता. जिंकल्यासारखं वाटलं हो. आणि लगेच लाजही वाटली. पण आधी जिंकल्यासारखंच.

पुढची कामं मी हट्टानं स्वतः केली. बाहेरच्यांना आत यायला राउटरमध्ये एक वाट उघडावी लागते, ती उघडली. लिनक्सच्या पहारेकऱ्यालाही तीच वाट मोकळी ठेवायला सांगितलं. नेटवाल्याच्या मागं लागून आपला नेटवरचा पत्ता कायमचा करून घेतला. इथं लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून मशीन चालू झाली की सर्वर आपोआप उठेल अशी सोय केली. ती तपासायला मी मुद्दाम बटण बंद करून चालू केलं. उठला! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. तुम्हालाही पहिल्यांदा असंच झालं होतं का हो?

आणि परवा मी आत गेले. प्रज्ञाचा जुना लॅपटॉप, खेळातलं माझं नवं नाव, चालताना भिंतींना धडकणारी मी. शैलजा तिच्या घरून आत आली आणि मला गाव दाखवायला लागली. हे दुबईवाल्याचं घर, त्यानं गच्चीवर भोपळे लावलेत. हा पूल सगळ्यांनी मिळून बांधला. ही विहीर सरांची. अहो, काय गाव केलं होतंत तुम्ही! प्रत्येकाच्या दारात दिवा. परसात चिंच की काय ते झाड. मी बघतच राहिले.

मग आलं तुमचं घर. बैठं, दोन खोल्यांचं. आणि त्याला लागून तिचं. मधली भिंत एकच!

खऱ्या गावात सामाईक भिंतीवरून कोर्टकज्जे होतात, ठाऊक आहे ना? मी विचारलं, "आणि माझं घर कुठाय?"

ती म्हणाली, "तुमचं न्हाई, ताई."

अख्ख्या गावाला घरं. मलाच नाही. अहो, मी मालकीण होते ना आता? मालकिणीला काय काय करता येतं ते मी वाचून ठेवलं होतं. तिच्या नावापुढं हुकूम टाकला आणि तिला गावाबाहेर फेकून दिलं!

लगेच मोबाईल वाजला. "ताई, मला बाहेर काढलं का तुमी?"

"लाईट गेली असेल."

"इथं लिहून आलंय ना, चालकानं बाहेर काढलं म्हणून."

खोटं बोलायलासुद्धा येत नाही मला. मग मी सरळच विचारलं. "भिंत एक का?"

"दगड कमी पडले होते ताई. दोन घरांना एक भिंत, म्हणून. अन् माझी आई लय वर्षं अंथरुणाला हाय. दवाखाना सुटला की घर, अन् घर सोडून कुठं जाता येत न्हाई. गाव म्हणून जायला मला तेवढंच गाव होतं. सर शेजारी असले की बरं वाटायचं. तुमच्याशी कशाला खोटं बोलू?"

"माझ्याबद्दल बोलायचे?"

"लय न्हाई. 'सुजाता जेवायची थांबलीय' म्हणायचे अन् निघायचे. रोज. कितीबी रंगात आलेला डाव असू द्या. थांबा म्हटलं तरी थांबायचे न्हाईत. एक सांगू का? मला तुमचा लय राग यायचा. कोण ही बाई, म्हणायचे मी मनात, हिच्या नुसत्या ताटापायी माणूस उठून जातो!"

मी दाराबाहेर भाजी निवडत त्या गावावर जळत होते आणि ती पिंगळीत बसून माझ्यावर! तुम्ही मधे बसून दोघींना काही पत्ता लागू दिला नाहीत. एकदा तरी म्हणायचं होतंत, "ये गं, तूही बस." मी नाही म्हटलं असतं. तरी विचारायचं होतंत!

मी शैलजाला परत आत घेतलं. ती म्हणाली, "ताई, मी माझी भिंत वेगळी बांधून घेते." मी नको म्हटलं. तुमच्या घराच्या दुसऱ्या बाजूला जागा मोकळी होती. तिथं मी माझं घर बांधायला घेतलं. वाकडं झालंय, दार चुकून उत्तरेला आलंय. तुमच्या दुसऱ्या भिंतीलाच भिंत लावली मी, दगड भरपूर असूनसुद्धा.

तर आता शब्द देते. तुमचं गाव मी चालू ठेवीन. लाईट जाऊ दे, मशीन जळू दे, पुन्हा उभं करीन, आता येतं मला. शैलजाला पुन्हा बाहेर काढणार नाही. तिच्या बाजूची ती भिंतही पाडणार नाही. पण तिच्यावर जळायचं सोडीन, असं मात्र म्हणू नका. तेवढा हक्क मी माझ्याच नावावर ठेवलाय.

तुमचीच, अजून रागात असलेली,
सुजाता