शेवंतामावशीची डबी

रत्नागिरी. मंगळवार, संध्याकाळ.

आज स्वतःचीच लाज वाटते आहे.

दुपारी मासे विकणारी शेवंतामावशी दारात आली. हातात डबी, डबीत बर्फ, बर्फात नातवाचे दुधाचे दात. "भाऊ, कौलावर टाकू दिले नाहीत हां! यातून नवे उगवतात म्हणालात ना? लावा आता माझ्या तोंडात."

म्हणालो होतो. बंदरावरच्या अंधश्रद्धाविरोधी सभेत, त्वेषाने. कौलावर दात फेकणाऱ्यांची टर उडवली, दातांतल्या मूळ पेशींचे गोडवे गायले. हे सगळं अजून प्रयोगशाळेतच आहे, हे वाक्य ओठांवर आलं होतं. टाळ्या पडत होत्या, म्हणून गिळलं.

मावशी हसली. समोर एकही दात नाही. "दातांच्या शिबिरात फुकट कवळी देत होते. नको म्हणून सांगून आल्ये. म्हावरं विकायचं आणि पेज प्यायची, अजून थोडे दिवस काय ता!"

तेव्हा तरी खरं सांगायचं! मी डबी घेतली आणि "बघतो" म्हणालो. का? बर्फ वितळून बोटांवरून ओघळत होता, तरी "बघतो"च म्हणालो.

उद्या सकाळी बंदरावर जायचं. सगळ्या बायकांसमोर सांगायचं की मावशी, मी अर्धंच बोललो, चला, कवळीचं माप देऊन येऊ. ती शिव्या घालील. घालू दे. भीती वेगळीच आहे. ती म्हणेल, "जाऊ दे भाऊ, तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

मुद्दामच तर केलं.