चाळीस दिवसांची रजा

३ जानेवारी
ठरलं. सहाशे किलोमीटरची पायवाट, एकटीने, पाठीवर पिशवी टाकून. एप्रिलपासून चाळीस दिवस. पन्नाशी उलटायच्या आत एकदा तरी कुणाचीही इनचार्ज न होता जगायचंय. पायाला भिंगरी आहेच, फक्त ती हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या वॉर्डात फिरते. घरी अजून सांगितलेलं नाही. अडवतील.

९ जानेवारी
घरी सांगितलं. नवरा म्हणाला, जा की. बावीस वर्षांच्या संसाराला दोन शब्द! मनातून विरोध असणार. सासूबाई म्हणाल्या, मी तुझ्या वयाची असते तर कधीच निघाले असते. हा टोमणाच. मी डगमगणार नाही.

१७ जानेवारी, सकाळी ६
सराव सुरू. पिशवीत पाण्याच्या दहा बाटल्या भरून जिना चढले. तिसऱ्या मजल्यावर बसले. दमले म्हणून नाही, खिडकीतून बाहेर बघायला. बाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. उद्यापासून पाच मजले.

२ फेब्रुवारी
लेकीने स्वतःच्या पगारातून ट्रेकिंगचे बूट आणले. सवय व्हावी म्हणून घालून ड्यूटी केली. टाचेला हा एवढा फोड. सात नंबरच्या बेडवरच्या आजोबांनी मला बसायला स्टूल दिलं. त्यांचं ऑपरेशन होऊन तीनच दिवस झालेत.

११ फेब्रुवारी
सराव नाही. अंग आंबलंय. पण वेळ वाया घालवला नाही, घरच्यांसाठी सूचनांची वही लिहायला घेतली. गॅस, सासूबाईंच्या गोळ्या, मशीनचं बटण. शेहेचाळीस पानं झाली. माझ्यामागे यांचे हाल कुत्रा खाणार नाही.

२० फेब्रुवारी
नवऱ्याने वही न उघडताच स्वयंपाक केला. मीठ कमी आहे म्हटलं. नव्हतं. सासूबाईंनी गोळ्या आपल्या आपण घेतल्या. संध्याकाळभर मला कुणी हाक मारली नाही. उगाच रडू आलं. सरावाच्या ताणामुळे असेल.

१ मार्च
रजेचा अर्ज टाकला. आमच्याकडची पद्धत अशी : वॉर्डातले सगळे अर्ज आधी इनचार्जच्या, म्हणजे माझ्या ट्रेमध्ये. मी लाल पेनाने शिफारस लिहायची, मग मेट्रन सही करणार. नियम म्हणजे नियम. माझाही अर्ज ट्रेमध्ये सगळ्यांच्या खाली ठेवला.

६ मार्च
दोन सिस्टर तापाने घरी. सकाळ-दुपार डबल ड्यूटी. निघता निघता उभ्यानेच एकोणीस अर्ज हातावेगळे केले. कुणाचं लग्न, कुणाच्या मुलाची परीक्षा. एक तर अशी महामाया, एप्रिलपासून चाळीस दिवस मागतेय! लोकांना जनाची नाही तर मनाची तरी? नाव वाचायचंही त्राण नव्हतं. लाल पेन चालवलं आणि बस गाठली.

१२ मार्च
अर्ज नामंजूर! माहीत होतं मला. मेट्रन पहिल्यापासून माझ्यावर खार खाऊन आहेत. तडक जाब विचारायला गेले. हात दाखवून अवलक्षण. त्यांनी अर्ज पुढ्यात ठेवला. लाल शाईत : 'स्टाफ कमी. रजा देऊ नये.' खाली त्यांची सही, 'शिफारशीप्रमाणे.' अक्षर माझंच. मेट्रन म्हणाल्या, मला वाटलं तुम्हीच बेत बदलला. नवा अर्ज द्या, उद्याच सही करते. चांगली बाई आहे हो. मी उगीच इतकी वर्षं राग धरला. आता कुणाचीच आडकाठी नाही.

१३ मार्च, संध्याकाळी ५
नवा अर्ज लिहिला. ट्रेमध्ये ठेवला. लगेच बाहेर काढला. पेन हातात घेऊन बसले. घरी कुणाची हरकत नाही. मेट्रनची नाही. बूटही आता चावत नाहीत. चार वाजता चहा आला, तो निवला.

लिहिलं : 'स्टाफ कमी. रजा देऊ नये.'

या वेळी नाव वाचून लिहिलं.